न प्यायलेल्या दारूची कबुली

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी शंका काढायला नको. आमच्या ह्यांनी त्या चार महिन्यांत दारूचा थेंबही घेतला नव्हता. हे मी आज छातीठोकपणे सांगते. तेव्हा मात्र घरभर बाटली शोधणारी मीच होते.

हे पॉलिशवाले. मशीनने फवारा मारून पॉलिश करणारे नव्हेत, हाताने करणारे. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात बांधायचा, त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत एक पातळ हात द्यायचा. तो वाळला की दुसरा हात. मग तिसरा. चांगल्या टेबलाला पंधरा-वीस हात लागतात आणि त्यातला एक जरी जाड पडला तरी सगळं मुसळ केरात. धंद्यात ह्यांना सगळे 'आरसा' म्हणतात, कारण ह्यांचा हात फिरलेल्या टेबलावर वाकलं की आपल्याच नाकपुड्या आपल्याला दिसतात.

कारखाना म्हणजे आमच्याच घराचा तळमजला. पुढच्या खोलीत धाकटे भाऊजी सुतारकाम करतात, मधल्या खोलीत मी वेताच्या खुर्च्या विणते आणि मागच्या खोलीत हे. मागच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद. ओल्या पॉलिशवर भुसा बसला की संपलं, म्हणून मधल्या दारालासुद्धा खाली ओलं पोतं लावलेलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ह्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास नाही असा एक दिवस मला आठवत नाही. आंघोळ करून आले तरी येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण बाकीच्या बायका नवऱ्याचं तोंड हुंगून जो निकाल लावतात तो मला कधीच लावता आला नाही.

एके काळी हे प्यायचे. चांगले प्यायचे. मारझोड नाही, आरडाओरडा नाही, पण काम अर्धवट टाकायचे आणि कुठेही आडवे व्हायचे. आमची लेक तेरा वर्षांची असताना तिला शाळेतून आणायला गेले आणि फाटकासमोरच कोसळले. पोरगी मैत्रिणींबरोबर बाजूने निघून गेली. हे कोण, आपल्याला माहीत नाही, असा चेहरा करून. घरी आली आणि अभ्यासाला बसली. ह्यांना दुसऱ्या दिवशी ते कळलं आणि त्या दिवसापासून ह्यांनी कानाला खडा लावला. दारू सोडलेल्या लोकांची एक बैठक भरायची, तिथे चार-पाच वर्षं दर आठवड्याला गेले. मग काम वाढलं आणि जाणं सुटलं, पण दारूला पुन्हा शिवले नाहीत. अकरा वर्षं. हा माणूस स्वतःचं कौतुक कधी करत नाही, पण कोणी विचारलं की "अकरा" हा आकडा असा सांगायचा की समोरच्याने पाठ थोपटलीच पाहिजे.

आता ह्या गोष्टीला सुरुवात कुठून झाली, तर आगीपासून. आमच्यापासून तिसरा गाळा, तोही पॉलिशचाच. एका दुपारी तिथे ठिणगी पडली आणि स्पिरिटने भडका घेतला. माणसं वाचली, गाळा गेला. हे रस्त्यात उभे राहून बघत होते. पंधरा दिवसांनी मागच्या खोलीतून धावत बाहेर आले, छाती धरलेली, तोंड पांढरंफटक, हाताला मुंग्या. म्हणाले, "मी चाललो." माझ्या तोंडचं पाणी पळालं. रिक्षा केली, दवाखाना गाठला, तर हृदय ठणठणीत! चार वेळा असं झालं आणि चारही वेळा हृदय ठणठणीत. शेवटी तिथल्याच डॉक्टरांनी आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

मनाचे डॉक्टर वयस्कर आणि शांत होते. ऐकून घेतलं, भीतीच्या झटक्यावरची एक छोटी गोळी लिहून दिली, रात्री एक आणि अगदीच लागली तर दिवसा अर्धी. दर आठवड्याला बोलायलाही या म्हणाले. आणि दोनदा बजावलं, "ह्या गोळीवर दारू चालत नाही. अजिबात नाही." हे ताठ बसून म्हणाले, "अकरा वर्षं." डॉक्टर हसले. दुसरी कुठली औषधं सुरू झाली तर आधी मला विचारा, असंही ते बोलले बहुतेक. बहुतेक कशाला, बोललेच. पण आमच्या डोक्यात दारूचं एवढं बसलं की पुढचं वाक्य कानावरून गेलं.

बाहेर पडल्यावर पायऱ्या उतरतानाच मी ह्यांना दटावलं. "हे बघा, मनाची गोळी चालू आहे हे कोणापाशी बोलायचं नाही. भाऊजींपाशी नाही, लेकीपाशी नाही. लोकांना काय, वेड लागलं म्हणायला वेळ लागत नाही." हे "बरं" म्हणाले. माझ्यापुढे ते नेहमी बरंच म्हणतात. मी कशी बाई, तर घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली की माझा जीव खालीवर होतो.

गोळीने गुण आला, हो. महिनाभरात हे मागच्या खोलीत दार लावून काम करायला लागले, आणि डॉक्टरांकडे दर आठवड्याला बोलायला जाणं सुटलं, गोळी तेवढी चालू राहिली.

मग कंबर धरली. वाकून वाकून ती धरायचीच. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावरच्या जबर गोळ्या दिल्या आणि विचारलं, "आणखी काही चालू आहे का?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही. हे म्हणाले, "नाही." हाडांच्या डॉक्टरला मनाच्या गोळीशी काय करायचंय, असं मला वाटलं. आहे की नाही अक्कल?

पुढे भुशाने खोकला झाला. औषधवाल्याने ओळखीखातर चिठ्ठीशिवाय खोकल्याचं औषध दिलं, झोप येणारं. नाक गळायला लागलं तेव्हा त्यावरची पिवळी गोळीही त्यानेच दिली. सगळी औषधं ह्यांच्या पॉलिशच्या एका रिकाम्या डब्यात. आणि ह्यांची घेण्याची तऱ्हा ऐका. पूर्ण गोळी कधी घ्यायचे नाहीत. अर्धी ही, अर्धी ती, खोकल्याच्या औषधाचा घोटभर, दोन तासांनी पुन्हा अर्धी. मी विचारलं तर म्हणायचे, "अगं, हात पातळ असला की बाधत नाही. एक वाळला की दुसरा द्यायचा." आयुष्यभर लाकडाला जे केलं तेच पोटाला. आणि मी? मला ते पटलं! पातळ हात म्हणजे सांभाळून वागणं, हे मीही सत्तावीस वर्षं बघत आले होते.

आणि मग सगळं विचित्र व्हायला लागलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका कपाटामुळे. हे सकाळी कपाटाच्या डाव्या दाराला हात देऊन आले, जेवले, आणि दुपारी पुन्हा डाव्याच दाराला. उजवं कोरडंच. भाऊजींनी दाखवलं तर हे त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू कपाट त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. मी म्हटलं, लक्ष नसेल. मग एकदा जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने ताटावर येऊन बसले. "वाढतेस ना?" मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, "मघाशी काय हवा खाल्लीत?" ते हसले नाहीत. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उठून गेले. मला कळेना, हसू का रडू.

बोलणं जड झालं. वाक्य अर्ध्यावर सोडायचे. जिना उतरताना भिंत धरायचे. एखाद्या दिवशी अगदी नेहमीसारखे, चेष्टा करणारे, माझ्या विणीत चूक काढणारे. आणि दुसऱ्या दिवशी डोळे अर्धे मिटलेले, हात थरथरणारे. चार दिवस बरं, दोन दिवस हे. ह्याला काय म्हणायचं? म्हातारपण? बावन्न वर्षांच्या माणसाला?

नाव घेतलं ते भाऊजींनी. वेत भिजत घातला होता, मी पट्ट्या वेगळ्या करत होते. भाऊजी रंधा खाली ठेवून माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. दादाचं पुन्हा सुरू झालंय."

मी त्यांना फाडून खाल्लं. "जीभ कशी उचलते तुमची?" वगैरे. पण त्यांनी बी पेरलं ते पेरलंच. त्या संध्याकाळी हे जवळ बसले तेव्हा मी तोंड पुढे करून वास घेतला. स्पिरिट. अर्थात स्पिरिट! हाताला स्पिरिट, दाढीला स्पिरिट, शर्टाला स्पिरिट. तोंडाला आहे की नाही हे देव जाणे. ह्यांनी विचारलं, "काय हुंगतेस?" मी म्हटलं, "काही नाही." पुढे मी रोज हुंगायला लागले, आणि जितकी हुंगत गेले तितकी माझीच मती गुंग होत गेली. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं नाही.

मग शोधाशोध. गादीखाली, पाण्याच्या टाकीमागे, जुन्या फळ्यांच्या ढिगात, लेकीच्या जुन्या दप्तरात. एकही बाटली नाही. ह्याने माझं समाधान व्हायला हवं होतं की नाही? उलट मला वाटलं, माणूस भलताच हुशार झालाय. मग डोक्यात आलं, ह्याला बाटलीची गरजच काय? मागच्या खोलीत वीस लिटरचा डबा आहे ना! मूठभर लोक असले असतात की मिळेना म्हणून पॉलिशचं स्पिरिटसुद्धा तोंडाला लावतात, आणि आंधळे होतात, मरतात. शुक्रवारी रात्री मी ह्यांच्या नकळत डब्यात काठी बुडवली, पेन्सिलीने खूण केली. शनिवारी काम बंद होतं. रविवारी सकाळी काठी बुडवली तर स्पिरिट खुणेच्या दोन बोटं खाली.

काम बंद असताना दोन बोटं! ह्याहून मोठा पुरावा काय हवा होता?

मी लेकीला फोन केला. ती नोकरीसाठी दुसरीकडे राहते. दुपारच्या गाडीने आली. आम्ही तिघं, मी, लेक आणि भाऊजी, ह्यांना मधल्या खोलीत बसवून समोर बसलो. ह्यांना मी अर्धवट विणलेल्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसवलं होतं. लेकीने विचारलं, "बाबा, घेताय का?"

"नाही," हे म्हणाले.

"खरं सांगा."

"अगं, नाही घेत. तुझ्या गळ्याची..." आणि थांबले. शपथ पुरी केली नाही. मला वाटलं, बघा, खोटी शपथ घ्यायला जीभ रेटत नाही.

भाऊजी म्हणाले, "मग दादा, गुरुवारी तू जिन्यात बसून होतास, कशामुळे?"

"मी जिन्यात?" हे म्हणाले.

"तासभर."

हे विचार करू लागले. खरोखर विचार करत होते, मला आजही तो चेहरा दिसतो. कपाळाला आठी, ओठ जरासे हलतायत, माणूस खिशात काही तरी चाचपतो तसं डोक्यात चाचपणं चाललेलं. मी काठी आणून समोर धरली. खूण दाखवली. "दोन बोटं," मी म्हटलं. "मी प्यायले का? की तुमची लेक प्यायली?"

हे त्या काठीकडे बघत राहिले. मग लेकीकडे बघितलं. ती रडत नव्हती, तेरा वर्षांची असताना जशी बसली होती तशी ताठ बसली होती.

"मला आठवत नाही," हे म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मग घेतली असेन मी."

"असेन म्हणजे?" मी कडाडले.

"घेतली," हे म्हणाले. "चुकलो."

लेक उठली. म्हणाली, "अकरा वर्षं, बाबा." बस्स, एवढंच. रात्रीच्या आत परत गेली. आणि मला, सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. निदान कळलं तरी! चार महिने डोक्याचा भुगा झाला होता, त्याला एक नाव मिळालं.

त्यानंतरचा आठवडा हे खाली मान घालून वावरले. झोप नाही, छातीत पुन्हा धडधड. डब्यातलं औषध भराभर संपायला लागलं. झटका आला की अर्धी, कंबर ठणकली की अर्धी, खोकला आला की घोट. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, घ्या, औषधं घ्या, दारूपेक्षा बरी.

मंगळवारी जेवणानंतर हे मागच्या खोलीत गेले. तासाभराने भाऊजी काही विचारायला गेले आणि लगेच बाहेर आले. "आडवा झालाय सोफ्यावर. हाक मारली तर नुसता हूं म्हणतो." मी डोकावले. तोंड उघडं, हात खाली लोंबतोय, समोर जेवणाच्या टेबलाचा अर्धा हात वाळलेला. जाड पडलेला, लाटा लाटा दिसत होत्या. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"उतरू दे," भाऊजी म्हणाले. "मग बोलू."

"उतरू दे," मीही म्हटलं. आणि मी माझ्या हाताने ते दार लावून घेतलं.

मग मी विणायला बसले. रागाच्या भरात इतकी घट्ट विणत होते की दोन पट्ट्या तुटल्या. आतून घोरणं ऐकू येत होतं, रोजच्यासारखं नाही, लांब, ओढून काढलेलं, मध्येच अडकणारं. प्यायलेला माणूस असाच घोरतो, मला काय नवीन? थोड्या वेळाने घोरणं थांबलं. मी काय म्हणाले असेन? "बरं झालं, गप्प बसले एकदाचे." मोठ्याने म्हणाले मी. भाऊजींनी ऐकलं.

गिऱ्हाईकाचा फोन आला, टेबल झालं का म्हणून. आता ह्यांना उठवून चांगली खरडपट्टी काढायची म्हणून मी आत गेले. नखं नेहमीप्रमाणे पॉलिशने तपकिरी, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. पण ओठ निळे होते. मी छातीवर हात ठेवला. काही नाही. काही नाही. मग एक श्वास आला, उथळ, आणि पुन्हा काही नाही. मी किंचाळले. खिडकीची कडी निघेना, भाऊजींनी हातोडीने काच फोडली.

इस्पितळाची गाडी बोलावताना मी काय सांगितलं? दारू. गाडीतल्या माणसाला काय सांगितलं? दारू. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिने विचारलं, "काय घेतलंय?" मी म्हटलं, "दारू. नाही तर पॉलिशचं स्पिरिट." ती धावत आत गेली. त्यांनी नळी घातली, यंत्राने श्वास सुरू केला. मी भिंतीला टेकून उभी होते.

ती बाहेर आली तेव्हा हातात कागद होता. "बाई, ह्यांच्या रक्तात दारू नाही. स्पिरिटही नाही."

"असं कसं?" मी म्हटलं.

"नाही आहे."

"पुन्हा बघा. नीट बघा. चार महिने चाललंय, त्यांनी स्वतः कबूल केलंय!"

भांडले हो मी तिच्याशी! नवरा आत यंत्रावर, आणि मी बाहेर तो प्यायलाच आहे म्हणून भांडतेय. बिचारीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

भाऊजी शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर मनाची गोळी कशी सांगायची? एवढं सगळं होऊनही माझी जीभ अडखळली, बघा. मग म्हटलं, "कंबरेच्या गोळ्या."

"आणखी?"

"खोकल्याचं."

"आणखी?"

तिसऱ्यांदा विचारताना तिने माझा दंड धरला, तेव्हा मी बोलले. भाऊजींना घरी पिटाळून तो औषधांचा डबा मागवला. तिने टेबलावर सगळं ओळीने मांडलं. भीतीची गोळी, कंबरेची गोळी, खोकल्याचं औषध, नाकाची पिवळी गोळी.

"ह्यातली प्रत्येक झोप आणते," ती म्हणाली. "भीतीची गोळी आणि ही कंबरेची जबर गोळी, ह्या दोघी एकत्र आल्या की श्वासच मंद करतात. त्यावर खोकल्याचं औषध. वेगवेगळी थोडी थोडी घेतली तरी पोटात गेल्यावर ती एकत्रच होतात."

"पण ते अर्धी अर्धी घ्यायचे," मी म्हटलं. "मधे वेळ सोडून. पातळ हात."

तिला काही कळलं नाही. मला तरी कुठे कळत होतं! मी विचारलं, "मग जिना धरणं? विसरणं? तोल जाणं?"

"ह्यानेच. दिसतं दारूसारखंच. आणि मधले तासच्या तास आठवत नाहीत माणसाला."

"मग कबूल कशाला केलं त्यांनी?"

"ते मला कसं माहीत असणार, बाई?"

तिसऱ्या दिवशी नळी काढली. घसा बसला होता, आवाज येत नव्हता. मी तोंडाजवळ कान नेला. ह्यांचे पहिले शब्द होते, "पुन्हा नाही पिणार."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही प्यायलाच नव्हता." ह्यांनी माझा हात थोपटला. जणू मीच आजारी!

घरी आल्यावर वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. मनाच्या डॉक्टरांनी सगळे कागद पुढ्यात घेतले, दुसऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, कंबरेचं औषध बदललं आणि भीतीची गोळी एकदम तोडायची नाही, तीही धोक्याची, हळूहळू उतरवू, असं मला तीनदा समजावलं. ह्या वेळी मी ते वहीत लिहून घेतलं. औषधवाल्याला जाऊन झापलं, तो वेगळाच तमाशा. भाऊजींनी स्पिरिटचा डबा उलटापालटा करून बघितला तर झाकणातलं रबर फाटलेलं. स्पिरिट आपलं आपणच उडून जात होतं. भाऊजी डबा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तसेच बसले होते.

मी ह्यांना रबर दाखवलं. रक्ताचा कागद दाखवला. लेकीने येऊन पायाशी बसून माफी मागितली. हे सगळ्यांना एकच म्हणायचे, "तुम्ही माणसं चांगली आहात. मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." कागदाचं काय, तर म्हणे दवाखान्यात नमुने बदलतात. रबराचं काय, तर भाऊ आहे, भावासाठी रबर फाडेल. आणि एके दिवशी मी वेत भिजवत असताना मला म्हणाले, "मी आपल्या झोपायच्या खोलीतल्या कपाटामागे बाटली ठेवायचो. आठवलंय मला आता."

माझ्या हातातली पट्टी पाण्यात पडली. त्या कपाटामागे बोटसुद्धा जात नाही, भिंतीला ठोकलेलं आहे ते! जे झालंच नाही ते ह्यांना आठवायला लागलं होतं. आम्ही तिघांनी समोर बसवून आठवायला लावलं होतं ना.

मग ह्यांनी जुन्या बैठकीला पुन्हा जायचं ठरवलं. मी अडवलं नाही, बरोबर गेले. एका शाळेचा वर्ग, मुलांच्या छोट्या बाकांवर पंधरा-सोळा माणसं गुडघे वर करून बसलेली. काही जुने होते, त्यांनी ह्यांना मिठी मारली. पाळी आली तसे हे उभे राहिले. "मी पॉलिशवाला," म्हणाले. "मला सोडून दोन महिने झाले."

मी मागच्या बाकावर होते. दोन महिने! कधी उठले मलाच कळलं नाही. "खोटं आहे ते!" मी म्हटलं. सगळे वळले. तोंड सुटलं ते सुटलंच. "ह्यांनी घेतलीच नव्हती. ह्यांना भीतीचे झटके येतात, त्यावर मनाची गोळी चालू आहे. ती लपवायला मीच सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांपासूनसुद्धा. त्यात दुसरी औषधं मिसळली. आणि मी ह्यांना दारुडा ठरवलं, लेकीसमोर बसवून कबूल करायला लावलं. श्वास अडकला तेव्हा उतरू दे म्हणून दार लावून घेतलं. अकरा वर्षं झाली आहेत ह्यांना. दोन महिने नाही."

बैठकीचे प्रमुख उठून माझ्याजवळ आले. भला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "बसा, ताई. घरच्या माणसांना असंच वाटतं. आम्ही समजू शकतो." बाकीचे माना हलवत होते. नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ बघितल्या असणार. मी आणखी ओरडले असते, पण हे आले आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेले.

मैदान ओलांडून हे मला रस्त्यावर घेऊन आले. मग म्हणाले, "चारचौघांत बोललीस तू. गोळीचंसुद्धा."

"हो."

"तू? उंबऱ्याबाहेर कधी काही न जाऊ देणारी?"

"हो म्हटलं ना."

हे चालता चालता थांबले. पंधरा-सोळा अनोळखी माणसांसमोर मी हे खोटं सांगणार नाही, एवढं त्यांना सत्तावीस वर्षांत कळलेलं होतं. कागदाने आणि रबराने जे झालं नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होताना मला दिसत होतं. मला वाटलं, आता हसतील.

"म्हणजे मी खरंच घेतली नव्हती," हे म्हणाले.

"नाही."

"मी नाही म्हणालो होतो ना तुम्हाला? आधी नाहीच म्हणालो होतो ना?"

"हो. दोनदा म्हणालात."

"मग तेव्हा तू का नाही उभी राहिलीस?"

हे रागावले नव्हते, खरोखर विचारत होते. ह्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग चालायला लागले. मी मागून गेले.